दुलबंदवाले मुन्शी

मुन्शी नजीरुद्दीन मला आवडत नसत. त्यांना मी आवडत नव्हतो, हे तर अख्ख्या अमरावतीच्या कापूसबाजाराला ठाऊक होतं. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा घरातल्यांनी विचारलं, ज्या माणसाचं नाव निघालं की तुमच्या कपाळाला आठी पडते, त्याच्यावर काय लिहिणार? आठी अजूनही पडते. चांगल्या माणसांविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. मुन्शीजींविषयी माझ्याशिवाय कोण लिहिणार, आणि त्या दिवशी कचेरीत काय घडलं हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलं आहे?

मी साताऱ्याकडचा. इंग्रजी शाळेत चार बुकं शिकलो आणि तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आलाय असं ऐकून बैलगाडीच्या रस्त्याने अमरावतीला आलो. तेव्हा अमरावती म्हणजे नुसता कापूस. रस्त्यात कापूस, ओसरीत कापूस, भाताच्या घासात कापसाचा तंतू. इंग्रज, जर्मन, फ्रेंच, इटालियन असे नाना देशांचे अडते भाड्याच्या घरांतून उतरले होते. त्यांतल्या एका विलायती पेढीवर मला दुभाषी-कारकुनाची जागा मिळाली. पेढीचं नाव लिहीत नाही; ती कधीच बुडाली. तिच्या मुख्याला आम्ही मोठा साहेब म्हणत असू.

साहेबांना हिंदुस्तानी शिकवायला रोज सकाळी एक मुन्शी येत. उंच, हाडकुळे, दाढी आखूड कातरलेली, डोळे सतत कोणाची तरी चूक शोधत असल्यासारखे. हेच नजीरुद्दीन. अकोल्याच्या जुन्या शहरातले. निजामाच्या अमलात तालुका कचेरीत फारसी लिहीत. पुढे वऱ्हाड इंग्रजांकडे आलं, कचेऱ्यांतली फारसी बंद झाली, मराठी सुरू झाली, आणि चाळिशीच्या माणसाची लेखणी एका हुकुमाने निकामी झाली. तेव्हापासून ते अमरावतीत एक खोली घेऊन राहत. सकाळी साहेबांना शिकवत आणि दुपारी कचेरीच्या ओसरीवर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहीत.

माझ्या पहिल्या दिवशी मी नवी पगडी घालून पेढीवर गेलो होतो. मुन्शीजी कोपऱ्यात बोरू तासत बसले होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"डोक्यावर काय हाये तुह्या?"

"पगडी," मी म्हणालो.

"साहेबाच्या भाषेत?"

"टर्बन."

"हा शब्द कोनाचा?"

"इंग्रजांचा."

"गलत," ते म्हणाले आणि बाकीच्या कारकुनांकडे वळले. "आन् म्हंते हा इंग्रजी शिकून आला."

सगळे हसले. ते हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. मग मान खाली घालून पुन्हा बोरू तासू लागले. बरोबर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांची ती रीतच होती. 'गलत' एवढं बोलायचं आणि समोरच्याला तसाच उघडा सोडून द्यायचा. समोरच्याचं वाक्य पुरतं व्हायच्या आधीच ते 'गलत' म्हणत, आणि राग याचा येई की ते बहुतेक वेळा खरंच चुकलेलं असे.

त्यांच्या आणखी काही रीती सांगतो. कोणाच्या हातचं पान घेत नसत. सलाम करणाऱ्याचा उच्चार चुकला तर सलाम परत करत नसत. आमच्या पेढीचा म्हातारा दफ्तरी त्यांच्यापुढून जाताना चपला हातात घेई, कारण चपलांचा फटफट आवाज ऐकला की ते सगळ्यांदेखत त्याला 'घोडा आला' म्हणत. एकदा तो म्हातारा गोदामामागे जाऊन रडला. मी मुन्शीजींना ते सांगितलं. ते म्हणाले, "रडला ना? मंग आता पाय उचलून चालंन."

आणि त्यांचं पागोटं. पांढऱ्या मलमलीचं, फार मोठं नाही, पण एकही घडी हललेली नाही. उन्हाळ्यात आम्ही सगळे पगड्या काढून टेबलावर ठेवत असू. मुन्शीजींचं डोकं उघडं पाहिलेला माणूस अमरावतीत नव्हता. घाम कानशिलांवरून दाढीत उतरे, पण हात वर जात नसे.

'टर्बन' कोणाचा, हे मला कळलं ते पंधरा दिवसांनी, आणि तेही मला म्हणून सांगितलं नाही. आमच्याकडे कापसाची प्रत पाहायला एक जर्मन साहेब होता. गोरा, गोलमटोल, स्वभावाने साधा. त्याला हिंदुस्तानी येत नव्हतं, मुन्शीजींना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून त्याच्या शिकवणीत मध्ये मला बसवत. त्या दिवशी मुन्शीजींनी आपली बयाज, म्हणजे टिपणांची वही, उघडली. त्यातल्या एका पानाच्या मधोमध फारसी अक्षरांत एकच शब्द होता आणि त्याच्या चहूबाजूंनी रेघा ओढून दुसरे शब्द.

"यायले इच्यार," ते मला म्हणाले आणि बोटाने स्वतःच्या डोक्याकडे दाखवलं. "तुह्या मुलखात याले काय म्हंतेत?"

मी विचारलं. जर्मन साहेब म्हणाला, "तुर्बान."

मुन्शीजींनी तो शब्द उर्दू अक्षरांत लिहून घेतला. मग पानावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवत सांगू लागले. मधला शब्द दुलबंद. फारसी. डोक्याला गुंडाळायचं वस्त्र. तो इराणातून रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, बादशाहीत गेला, तिथे त्यांनी त्याचं तुल्बंद केलं. तुर्कांपासून इटलीच्या व्यापाऱ्यांनी घेतला. त्यांच्या तोंडी तो झाला तुर्बान्ते. हा शब्द त्यांना बाजारातल्या इटालियन अडत्याने दिला होता. तिथून फ्रेंचांकडे गेला, त्यांनी शेपूट कापलं. मग इंग्रजांनी घेतला, जर्मनांनी घेतला.

"पण 'ल' होता, त्याचा 'र' कसा झाला?" मी विचारलं. मला वाटलं, आता सापडले.

"तुमच्या गावात नंबरले काय म्हंतेत?"

"लंबर," मी म्हणालो.

"तसा," ते म्हणाले. "तोंड ज्याचं, जीभ त्याची. कापड विकत घेतलं, संग नाव आलं. त्यायच्या मुलखात ही चीजच नव्हती तं शब्द कुठून असंन?"

जर्मन साहेबाला मी हे सगळं इंग्रजीतून सांगितलं. त्याला फार मौज वाटली. तो उठून आत गेला आणि घरून आणलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्याच्या झाकणावर एका फुलाचं चित्र होतं: लाल, उभं, पाकळ्या एकीवर एक मिटलेल्या. मुन्शीजी चटकन म्हणाले, "लाला." फारसीत त्या फुलाला लाला म्हणतात.

साहेब म्हणाला, "आमच्याकडे तुल्पे. माझ्या आजीच्या जुन्या झाडपाल्याच्या पोथीत तुलिपान लिहिलेलं आहे."

मी तो शब्द पुन्हा सांगितला. "तुलिपान... तुल्बंद," मुन्शीजी पुटपुटले. मग त्यांनी डबा हातात घेतला, चित्र डोळ्यांजवळ नेलं, आणि त्या फुलाच्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं, एका घडीवरून दुसऱ्या घडीवर, पागोटं बांधताना फिरतं तसं. मी त्यांना आनंदात पाहिलं असेल तर तेवढंच.

पुढे महिनाभर ते भेटेल त्या फिरंग्याला ते फूल विचारत होते. इंग्रज म्हणाला ट्यूलिप, फ्रेंच म्हणाला त्युलीप, इटालियन म्हणाला तुलिपानो. बयाजेच्या त्या पानावर जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी शेजारी दुसरं पान चिकटवलं. बाजारात लोक त्यांना 'दुलबंदवाले मुन्शी' म्हणू लागले. ते चेष्टेने म्हणत. मुन्शीजी ती पदवी असल्यासारखे ऐकत.

पागोट्याचं नाव फुलाला कसं पडलं असेल, याची त्यांनी एक गोष्ट रचली होती. ती त्यांनी एकदा पेढीवर सांगितली.

"रूममधी कोना एका फिरंगी राजाच्या वकिलानं बाग पाह्यली असंन. माळ्याले इच्यारलं, हे काय हाये? माळ्यानं सांगतलं, दुलबंदासारखं दिसते. मधातल्या दुभाष्यानं निसतं दुलबंद तेवढं सांगतलं. वकिलानं लिहून घेतलं. इच्यारलं नाव, भेटला आकार. आता त्यायच्या अख्ख्या मुलखात फुलाले पागोटं म्हंतेत, आन् कोनाले मालूम नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "दुभाषी कोन होता त्याचं नाव कोनी लिवलं नाही. दुभाष्याचं नाव कोनी लिवत नाही. म्हनून तो बेफिकीर राह्यते."

कारकून माझ्याकडे पाहून हसले. मी त्या दिवशी ठरवलं, की या माणसाला एकदा तरी खाली बघायला लावायचं.

संधी लवकरच आली. मोठ्या साहेबाने एका सकाळी धडा घेताना कंटाळून विचारलं, "मुन्शीच्या त्या वहीत काय आहे?" मी मुन्शीजींना विचारलं. ते म्हणाले, "साहेबाले सांग, त्यायच्या भाषेत आपले जे शब्द हायेत थे लिहून राहिलो. घेतले तं घेतले, पन ठीक बोलावं."

हे मला मऊ करून सांगता आलं असतं. दुभाष्याचं अर्धं काम तेच असतं. मी एकही धार कमी केली नाही. उलट 'घेतले'च्या जागी चोरले म्हटलं. साहेब लाल झाला. त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "मी याला शिकवायला ठेवलं आहे. माझी भाषा तपासायला नाही." त्या दिवसापासून तो मुन्शीजींना खुर्ची देईनासा झाला. ते उभं राहून शिकवू लागले.

मी काय केलं ते त्यांना कळलं. त्यांनी मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी समोर आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चोरीले काय म्हंतेत अंग्रेजीत, मले मालूम हाये."

कचेरीच्या ओसरीवरचा त्यांचा दुपारचा धंदा मात्र वेगळा होता. तिथेही ते लोकांवर खेकसत, पण गर्दी हटत नसे. एकदा मी पेढीच्या कामाने तिथे गेलो असताना एक माणूस त्यांना अर्ज लिहायला सांगत होता, की शेजाऱ्याने माझी कडब्याची गंजी पेटवली.

"तू पाह्यलं?"

"नाई जी, पन त्यानंच पेटवली."

"पाह्यलं का?"

"नाई."

"मंग उठ. गंजी जळली एवढं लिवाचं असंन तं बस."

तो माणूस उठला, चार पावलं गेला, परत येऊन बसला. मुन्शीजींनी 'गंजी जळली' एवढंच लिहिलं. मला त्यातही त्यांचा ताठाच दिसला. त्या वेळी मला त्यांच्यात दुसरं काही दिसणंच शक्य नव्हतं.

आता झिंगाजीची गोष्ट. भातकुलीकडचा हा कुणबी, पन्नाशीचा, अंगाने दणकट पण बोलायला मंद. तो दोन गाड्या कापूस घेऊन आमच्या काट्यावर आला. आमच्या माणसाने कापसात हात घालून सांगितलं, पाणी मारलंय. त्या दिवसांत वजन वाढवायला लोक खरंच पाणी मारत. याने मारलं होतं की रात्रीच्या दवाने कापूस ओला झाला होता, ते मला माहीत नाही. मोठा साहेब चिडलेलाच होता. त्याने दोन्ही गाड्या तिथल्या तिथे धुळीत उपड्या करायला सांगितल्या. पांढरा कापूस मातीत पडला.

झिंगाजी काही वेळ बघत राहिला. मग त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं, साहेबापुढे गुडघे टेकले आणि ते त्याच्या बुटांवर ठेवलं. आपल्याकडे माणूस याहून खाली जाऊ शकत नाही. पण साहेबाच्या मुलखात भांडणाचं आव्हान द्यायचं तर समोरच्याच्या पायापाशी हातमोजा किंवा टोपी टाकतात. त्याला वाटलं, हा मला लढायला बोलावतो आहे. त्याने हातातली छडी झिंगाजीच्या उघड्या डोक्यावर मारली. दुसरी बसायच्या आत झिंगाजीने हात वर केला, छडी धरली, ओढाओढीत साहेब पडला आणि त्याचं मनगट मोडलं.

मी दहा पावलांवर उभा होतो. सगळं पाहिलं.

साहेबाने फिर्याद केली आणि ती इंग्रजीत मीच लिहिली. त्यात साहेबाने सांगितलं तसं लिहिलं: आरोपीने आव्हान देत माझ्या पायांवर पागोटं फेकलं आणि अंगावर हात टाकला. लिहिताना माझा हात अडला नाही असं म्हणणार नाही. पण अडला तो क्षणभरच.

कचेरीत न्यायनिवाडा करणारा हाकीम नवा होता, तरुण इंग्रज, तीनच महिने मुन्शीजींपाशी हिंदुस्तानी शिकलेला. त्याला वऱ्हाडी बोली समजत नव्हती. सरकारी दुभाषी तापाने पडला होता, म्हणून मोठ्या साहेबाने हाकिमाला सांगितलं, माझा माणूस घ्या. फिर्यादीच्याच नोकराने आरोपीची जबानी समजावून सांगायची, यात कोणाला काही गैर वाटलं नाही. मलाही नाही.

झिंगाजी हात जोडून उभा होता. टाळूवर जखमेची खपली होती. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग होता आणि फटकेही. हाकिमाने विचारलं, साहेबापुढे तू काय केलंस?

तो म्हणाला, "म्या साहेबाच्या पायावर पागोटं टाकलं जी."

आता 'टाकणे' हा आपला शब्द मोठा विचित्र. भाजीत मीठ टाकतात, अंथरूण टाकतात, दगडही टाकतात. वऱ्हाडात तर ठेवलं त्यालाही टाकलं म्हणतात. मी इंग्रजीत सांगितलं, "तो म्हणतो, मी साहेबाच्या पायांवर पागोटं फेकलं."

हाकीम म्हणाला, "म्हणजे कबूल करतो?"

मी म्हणालो, "होय."

कोशात पाहिलं असतं तर माझं भाषांतर बरोबर निघालं असतं. हीच माझी मनातल्या मनात तयारी होती.

"गलत."

आवाज दारातून आला. मुन्शीजी ओसरीवरून उठून उंबऱ्यापर्यंत आले होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण 'टाकलं'साठी माझ्या तोंडून कोणता शब्द निघाला हे त्यांना बरोबर कळलं. ज्या माणसाने वर्षभर फिरंग्यांच्या तोंडचे पागोट्याचे शब्द गोळा केले होते, त्याला त्याच्या शेजारचा शब्द ऐकू येणारच. शिपाई त्यांना ढकलू लागला. हाकिमाने आपल्या गुरूला ओळखलं आणि हाताने त्याला थांबवलं.

"साहब," मुन्शीजी म्हणाले, "टाकना फेंकना नहीं है. इजाज़त हो तो दिखाऊँ."

हाकिमाने मान हलवली. मुन्शीजी आत आले आणि सरळ माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, हे आता मला मारणार. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि पागोटं उचललं.

डोकं अगदी बारीक कातरलेलं होतं, पांढरं. चेहऱ्याच्या रंगाहून डोक्याचा रंग इतका उजळ होता, की ते दुसऱ्याच कोणाचं वाटलं. उजव्या कानाच्या वर एक खोल जुना खळगा होता. सगळी कचेरी बघत होती. ते वाकले. गुडघे वाजलेले मला ऐकू आले. कचेरीत आम्ही जोडे बाहेर काढून येत असू. माझ्या उघड्या पायांच्या बोटांना त्यांच्या मलमलीचा स्पर्श झाला. ती घामाने गरम होती.

ते तसेच वाकलेले राहिले आणि खालूनच म्हणाले, "आता तुह्या साहेबाच्या भाषेत सांग यायले. म्या तुले काय म्हनलं? लढाले ये, असं म्हनलं काय?"

मोठा साहेब हाकिमाच्या शेजारी खुर्चीवर बसला होता, मोडलेलं मनगट गळ्यात बांधून. तो माझ्याकडे पाहत होता.

"नाही," मी इंग्रजीत म्हणालो.

"मग याचा अर्थ काय?" हाकिमाने विचारलं.

"याचा अर्थ, माझी अब्रू तुमच्या पायांवर आहे. मला तारा."

"आरोपीनेही हेच केलं होतं का?"

"हो."

"जबानी सांगताना तुला हे ठाऊक होतं?"

झिंगाजी हात जोडून कधी माझ्याकडे, कधी मुन्शीजींच्या पाठीकडे पाहत होता. त्या बिचाऱ्याला काय चाललंय त्यातलं काहीच कळत नव्हतं. मुन्शीजी अजून वाकलेलेच होते.

"हो," मी म्हणालो.

मुन्शीजी उठले. पागोटं झटकलंही नाही, ओसरीवर गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि बांधू लागले. पुढची सुनावणी ऐकायला ते थांबले नाहीत. झिंगाजीला ताकीद देऊन सोडून दिलं. हाकिमाने मोठ्या साहेबाला छडीबद्दल दोन कडक शब्द ऐकवले, इतकंच.

महिन्याभरात मुन्शीजींकडचे सगळे साहेब शिकायचे बंद झाले. कोणी भांडलं नाही. एकेकाने निरोप पाठवला, आता येऊ नका. जर्मन साहेबही त्यांत होता. त्याला वाईट वाटलं, पण त्याने निरोप पाठवलाच. मला मात्र मोठ्या साहेबाने कामावर ठेवलं. त्याने एकदा विचारलं, "तू 'नाही' असं का म्हणालास?" मी म्हणालो, "त्याने सगळ्यांदेखत विचारलं म्हणून." हे उत्तर त्याला पटलं. मला आजही ते आठवलं की जेवण जात नाही.

मुन्शीजी खोली सोडून अकोल्याला निघून गेले. त्यानंतर काही दिवसांनी पेढीच्या फाटकाशी झिंगाजी उभा दिसला. खांद्यावर तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं होतं.

"मुन्शीबाबा कुठी हायेत जी?"

"अकोल्याला गेले."

तो माझ्याकडे निरखून पाहत राहिला. "तुमी थेच ना? कचेरीतले?"

"हो."

त्याने शेंगांचं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मंग अकोल्याले जातो," असं म्हणून रस्त्याला लागला. अकोला तिथून किती लांब आहे हे त्याला ठाऊक नसेल असं नाही.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, भाव पडला, एकेक करून साहेब गेले. आमची पेढी बुडाली. मला अकोल्याच्या कचेरीत सरकारी दुभाष्याची जागा मिळाली. तिथे जबानी घेताना मी एक सवय लावून घेतली: साक्षीदाराचा शब्द दोन अर्थांचा वाटला, की दोन्ही अर्थ हाकिमापुढे ठेवायचे. वकील वैतागत. मी ती सवय सोडली नाही. मुन्शीजी याच गावात आहेत हे मला माहीत होतं. दोन वर्षं मी मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, गेलो नाही. त्यांना सांगायचं ते एक वाक्य मात्र मनात पाठ करून ठेवलं होतं.

एका उन्हाळ्यात भर दुपारी कामासाठी जुन्या शहरात जायची वेळ आली. मोर्णेला पाणी थोडं होतं. लोकांनी ओलांडायला दगड मांडले होते. मी पहिल्या दगडावर पाय ठेवणार तोच मागून कोणी आलं. मुन्शीजी होते. पाठ वाकली होती, काखेत कागदांचं पुडकं होतं.

"मुन्शीजी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे बारीक केले. ओळखायला वेळ लागला नाही. "अजून दुभाषीच हायेस?"

"हो. इथल्या कचेरीत."

त्यांनी काखेतलं पुडकं वर सारलं. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "मुन्शीजी, त्या दिवशी कचेरीत मी..."

"थो दिवस माहा हाये," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "त्यातलं तुले काई देनार नाही."

मी वाट सोडली. ते दगडांवरून निघाले, सावकाश, एकेक पाऊल जोखत. मी मागोमाग होतो. नदीच्या मधोमध एक दगड सरकून गेला होता आणि तिथे मोठी फट पडली होती. तरुण माणसाला उडी मारून जाता आलं असतं. मी त्यांच्या बाजूने पाण्यात पाय टाकून पुढच्या दगडावर गेलो, वळलो आणि हात पुढे केला.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग ते होते त्याच दगडावर खाली बसले, जोडे काढून काखेतल्या कागदांबरोबर धरले, आणि पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं. तळाच्या शेवाळावर एकदा पाय सटकला. मी पुढे झालो तर त्यांनी मान हलवली, नको. पायजमा भिजवत, पाणी कापत ते माझ्या शेजारून पलीकडे गेले. काठावर चढल्यावर जोडे घालायलाही थांबले नाहीत. तापलेल्या वाळूवरून अनवाणी चालत ते चढ चढले आणि पहिल्या गल्लीत वळले. वाळूत त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. मी काठावर पोचेपर्यंत ते वाळून गेले.